मुलाखतीनंतरचे आभारपत्र : कसे लिहावे, कुणाला लिहावे आणि कुठे लिहूच नये



पत्रलेखन हा घटक आपण सगळेच शिकवतो. चौथी-पाचवीत मामाला पत्र, सहावी-सातवीत मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज, पुढे हायस्कूलला मागणीपत्र, विनंतीपत्र, अभिनंदनपत्र. मुलं मायना पाठ करतात, डावी-उजवी बाजू सांभाळतात, मार्क मिळवतात. पण एक पत्र असं आहे की ते आपण कुणीच नीट शिकवत नाही आणि आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलांना दहावी-बारावीनंतर नेमकं तेच अचानक लागतं. कॉलेजची, वसतिगृहाची किंवा शिष्यवृत्तीची मुलाखत देऊन आल्यावर समोरच्यांना लिहायचं आभाराचं पत्र.

तुम्ही म्हणाल, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंनी कॉलेजच्या मुलाखतीवर कशाला लिहायचं? कारण सोपं आहे. आपल्या भागात मूल कितीही मोठं झालं तरी अडलं की पहिल्या शाळेतल्या बाईंकडं किंवा गुरुजींकडं येतं. घरात पुण्याला जाऊन मुलाखत दिलेलं कुणी नसतं. "बाई, मुलाखत झाली, आता काही करायचं असतं का?" हा प्रश्न मला दर जून-जुलैत एक-दोन जण तरी विचारतात. शहरातल्या मुलांना हे घरी, क्लासमध्ये, मोठ्या भावंडांकडून कळतं. आपल्या मुलांना ते कुणीतरी सांगावंच लागतं.

आधी मुलाखत असते कुठे, ते पाहू. बहुतेक प्रवेशांना ती नसतेच. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. पूर्वी तो पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांपुरता होता, आता जुन्नर, मंचर, घोडेगाव, नारायणगावच्या कॉलेजांनाही तोच. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषीला सीईटी, मेडिकलला नीट, साध्या बीए-बीएस्सीला गुणवत्ता यादी. इथं कुणी तुमच्याशी बोलतच नाही, त्यामुळं पत्राचा प्रश्न येत नाही. फॉर्म भरताना ज्या क्लार्कनी कागद शोधून दिला त्यांना तोंडी "साहेब, बरं झालं तुम्ही सांगितलंत" एवढं म्हटलं तरी पुष्कळ.

मुलाखत असते ती दुसरीकडे. पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समिती हे आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली सुरू केलेलं हे काम. खेड्यातून शिकायला आलेल्या, परिस्थिती बेताची असलेल्या मुला-मुलींसाठी वसतिगृहं. तिथं मार्क आणि उत्पन्नाचा दाखला तर बघतातच, पण समोर बसवून बोलतातही. मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी लीला पूनावाला फाउंडेशन आहे, तिथंही निवडीत मुलाखत असते. मुळशी तालुक्यात पौडजवळ १९९७ पासून यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथं जगभरची मुलं एकत्र राहून शिकतात आणि निवड करताना मुलाखती, गटातले उपक्रम असं सगळं असतं. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, लवळ्याचं फ्लेम, सिंबायोसिसचे काही अभ्यासक्रम, इथंही लेखी परीक्षेनंतर संवाद असतो. आपल्या भागातून तिकडं जाणारी मुलं कमी, पण ती वाढायला हवीत, म्हणून नावं मुद्दाम लिहिली.

आता पालकांचा पहिला प्रश्न. पत्र लिहिल्यानं प्रवेश मिळतो का?

नाही. हे मी आधीच स्पष्ट सांगते, कारण नंतर निराशा नको. समितीचे गुण बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी, त्याच टेबलावर लिहिले जातात. तुमचं पत्र पोहोचेपर्यंत यादीचं काम बरंच पुढं गेलेलं असतं. अमेरिकेत कॉलेजच्या मुलाखतीनंतर एक-दोन दिवसांत आभाराचा ईमेल पाठवायची पद्धत पक्की आहे. तिथं पुष्कळदा त्या कॉलेजचे माजी विद्यार्थी मुलाखत घेतात, फुकट वेळ देतात, म्हणून ती रीत पडली. तिथंही जाणकार हेच सांगतात की या पत्रामुळं पारडं फिरत नाही. आपल्याकडं मात्र इंटरनेटवरच्या सल्ल्यांमुळं ही चाल "प्रवेशाची युक्ती" म्हणून पोहोचली आहे. मुलांना युक्ती म्हणून शिकवाल तर पत्रही युक्तीसारखंच उतरेल आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळेल.

मग लिहायचं कशाला? समोरच्या माणसानं तुमचा अर्ज वाचला, पंधरा-वीस मिनिटं तुमचं ऐकलं, काही ठिकाणी तर संस्थेचं मानधन न घेता दिवसभर बसून ऐकलं, त्याची पोच द्यायची म्हणून. ही एक गोष्ट. दुसरी मला शिक्षक म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्यांदा पुण्याला जाऊन अनोळखी चार माणसांसमोर बसलेलं आपलं पोर परत येतं तेव्हा त्याच्या डोक्यात एकच भाव असतो: मी मागायला गेलो होतो. ते पत्र लिहायला बसलं की त्याला आठवावं लागतं, काय विचारलं, मी काय बोललो, त्यांना कशात रस वाटला. मागणाऱ्याचं पोर बोलणारं माणूस होतं, निदान कागदावर तरी.

आणि इथंच आपल्या मुलांची खरी अडचण आहे. आपल्या घरांत आभार मानायची भाषाच नाही. चुकीचं समजू नका, आपल्याकडं कृतज्ञता भरपूर आहे, पण ती हातानं व्यक्त होते. शेजारी आपल्या वावरात कांदा काढायला आला तर आपण त्याच्याकडं जातो. भीमाशंकरच्या बाजूला पडकईची रीत आहे, डोंगरउतारावरची भातखाचरं एकमेकांच्या मदतीनं घडवायची. आज तुझं खाचर, उद्या माझं. तिथं कुणी कुणाला 'धन्यवाद' म्हणत नाही, म्हटलं तर हसतील. आईनं ताट वाढलं म्हणून 'आभारी आहे' म्हणणारा मुलगा आपल्याला नाटकातला वाटेल. त्यामुळं लेखी आभार मानायची वेळ आली की मुलं दोन टोकांना जातात. एक तर गप्प बसतात. नाहीतर असं काहीतरी लिहितात. (खालचा नमुना मी तयार केलेला आहे, पण असे कागद तुम्हीही पाहिले असतील.)

"परमपूज्य सर, सा. न. वि. वि. आपण माझी मुलाखत घेतली हे मी माझे परमभाग्य समजतो. माझे वडील अल्पभूधारक शेतकरी असून घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे. आपण मला प्रवेश दिला नाही तर माझे शिक्षण थांबेल. तरी माझा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही. कळावे, आपला कृपाभिलाषी."

वाचून वाईट वाटतं ना? यात खोटं काहीच नाही. पण हे आभारपत्र नाही, हा अर्ज आहे. आपल्या मुलांनी घरात लिहिलेला कागद म्हणून पाहिलेला असतो तो अर्जच: तलाठ्याला, तहसीलदारांना, ग्रामपंचायतीला, प्रकल्प कार्यालयाला. 'सहानुभूतीपूर्वक', 'नम्र विनंती', 'हलाखीची परिस्थिती' हे शब्द तिथून येतात. घरची परिस्थिती तर समितीला आधीच माहीत असते, दाखला फॉर्मला जोडलेला असतो. आणि "प्रवेश दिला नाही तर" हे वाक्य, मुलाच्या मनात तसं नसलं तरी, समोरच्याच्या खांद्यावर ओझं टाकतं. मुख्य म्हणजे हे पत्र कुणीही कुणालाही लिहू शकेल. मुलाखतीत काय घडलं याचा त्यात मागमूस नाही.

उपकार आणि आभार यांतला फरक मुलांना जरूर सांगा. उपकार म्हटलं की एक वर आणि एक खाली. आभार दोन सारख्या माणसांमध्येही मानता येतात. आपण मुलांना दुसरा शब्द शिकवायचा आहे.

आता हे दुसरं पत्र पाहा. समजा, आंबेगावच्या पश्चिम भागातली एक मुलगी पुण्यातल्या वसतिगृहाची मुलाखत देऊन आली आहे.

"दिनांक : १३ जून

प्रति,
मा. सदस्य, प्रवेश मुलाखत समिती,
(वसतिगृहाचे नाव), पुणे.

विषय : दि. १२ जूनच्या मुलाखतीबद्दल आभार. (अर्ज क्र. ...)

महोदय / महोदया,

काल सकाळी माझी वसतिगृह प्रवेशासाठी मुलाखत झाली. आपण मला वेळ दिलात आणि शांतपणे ऐकून घेतलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

आवणीच्या दिवसांत आमच्या गावची मुले शाळेत का येत नाहीत, असे आपण विचारले होते. मी तेव्हा 'कामे असतात' एवढेच बोलले. परत येताना एसटीत मी त्याचाच विचार करत होते. आवणी थोड्या दिवसांत उरकावी लागते आणि मजूर लावणे परवडत नाही, म्हणून घरातले सगळे हात खाचरात लागतात. मीही दरवर्षी चार-पाच दिवस जाते. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

बाहेर थांबलेल्या आम्हा मुलींना कार्यालयातील ताईंनी पाणी दिले आणि घाबरू नका म्हणाल्या. त्यांनाही माझे आभार कळवावेत.

आपण सांगितलेली शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
अ. ब. क.
मु. पो. ..., ता. आंबेगाव, जि. पुणे."

बघा, भाषा साधी आहे. एकही जड शब्द नाही. पण हे पत्र दुसरं कुणी लिहू शकलं नसतं. समितीनं त्या दिवशी पन्नास मुलं बघितली असतील तरी 'आवणीचा प्रश्न' वाचला की ती मुलगी डोळ्यांसमोर येईल. गरिबीचा शब्द नाही, तरी 'मजूर लावणे परवडत नाही' यात सगळं आलं, आणि तेही मागणी म्हणून नाही, उत्तर म्हणून आलं. निकालाचा उल्लेख नाही. कार्यालयातल्या ताईंची आठवण ठेवली, ही मला त्यातली सगळ्यात आवडती ओळ.

एक सावधगिरी. मुलाखतीत एखादं उत्तर नीट देता आलं नाही की मुलांना वाटतं, पत्रात सगळी उत्तरं पुन्हा लिहून पाठवू. तसं करू देऊ नका. एका प्रश्नाबद्दल दोन-तीन वाक्यं पुरे. आणि चुकलेलं उत्तर दुरुस्त करण्यापेक्षा ज्या प्रश्नानं खरोखर विचार करायला लावला तो निवडायला सांगा. तसा एकही प्रश्न आठवत नसेल तर मुलाखतीत घडलेली दुसरी कुठली तरी खरी गोष्ट. तेही नसेल तर तीन ओळींचं पत्र चालतं. खोटं 'आपल्या प्रश्नांनी मी भारावून गेलो' नको.

जुन्नरच्या मुलांना थोडक्यात लिहिण्याचं उदाहरण द्यायचं तर मी लेण्यांचं देते. आपल्या जुन्नरच्या लेण्यांमध्ये ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. त्यातला एक इरिल नावाच्या यवनाचा, म्हणजे तेव्हा ज्यांना यवन म्हणत त्या परदेशी लोकांपैकी एकाचा. त्यात एवढंच कोरलंय की अमक्या इरिलानं दोन पोढी, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान दिली. कुणी दिलं, काय दिलं, किती दिलं. संपलं. सुमारे १८०० ते २००० वर्षं झाली, तो माणूस आपल्याला माहीत आहे. 'मी अत्यंत भक्तिभावाने यथाशक्ती काहीतरी' असं कोरलं असतं तर आपल्या हाती काय लागलं असतं? दगडावर छिन्नीनं लिहायचं असल्यावर माणूस फालतू शब्द आपोआप गाळतो. मुलांना सांगा, दगडावर लिहितोय असं समजून लिहा. (सहलीला गेलात तर हे लेख मुलांना नक्की दाखवा. लेणी म्हणजे फक्त दर्शन आणि डबा असं होऊन बसलंय.)

जुन्या मराठी पत्रांचा मायना मोठा गोड होता, 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' वगैरे. घरच्या पत्रात तो जरूर शिकवा. आजोबांना लिहिताना शोभतो. संस्थेला लिहिताना मात्र 'महोदय' पुरे. पत्राच्या शेवटाचंही तसंच. शिवकालीन पत्रं संपली की 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा उमटवत, म्हणजे मजकूर इथं संपला, पुढं कुणी भर घालू नये. आपली मुलं सही झाल्यावर 'ता. क. कृपया विचार व्हावा' जोडतात. ती ओळ खोडायला लावा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पत्र मुलाखतीनंतर एक-दोन दिवसांत जावं, निकाल लागायच्या आत. निकाल लागल्यावर लिहिलेलं पत्र वेगळं, त्याबद्दल खाली सांगते. टपालानं पाठवायचं तर पाकिटाला ५ रुपयांचं तिकीट लागतं, पिनकोड विसरू नका. (हा पिनकोड १९७२ साली सुरू झाला आणि तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. मुलांना ऐकून गंमत वाटते.) पण टपालाला दिवस लागतात, त्यामुळं संस्थेनं ईमेल दिला असेल तर ईमेलच बरा. रेंज नसेल तर मजकूर आधी वहीत लिहून ठेवायचा आणि घोडेगावला किंवा जुन्नरला आल्यावर पाठवायचा.

ईमेलवरून आठवलं. फॉर्म भरायच्या आधीच मुलांना स्वतःच्या नावाचा नवीन ईमेल काढून द्या. नववीत मित्रांबरोबर काढलेला 'किंग', 'रॉयल', 'भाऊ' असल्या शब्दांचा आयडी पुढं कॉलेजच्या कागदावर येतो तेव्हा मुलालाच ओशाळं वाटतं. विषयाच्या जागी 'मुलाखतीबद्दल आभार' आणि अर्ज क्रमांक. मोबाईलवर बोलून टाइप करत असाल तर पाठवायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचा. 'आवणी'चं 'आवडणी' झालेलं असतं.

व्हॉट्सॲपवर पाठवू नये. समितीतल्या कुणाचा खासगी नंबर शोधून तर अजिबातच नाही. मुलाखत घेणाऱ्यांची नावं माहीत नसतील तर 'मा. सदस्य, मुलाखत समिती' असं लिहून कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावं, ते बरोबर पोहोचतं. फेसबुकवर माणूस हुडकून 'सर ओळखलंत का' हे समोरच्याला अडचणीत टाकतं.

भाषा कुठली? मुलाखत ज्या भाषेत झाली ती. मराठीत बोलला असाल तर मराठीतच लिहा, उगाच इंग्रजीचा सोस नको. इंग्रजीत मुलाखत झाली असेल तर चार छोटी, साधी इंग्रजी वाक्यं. हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांकडून स्पेलिंग तपासून घ्या, पण त्यांना नव्यानं लिहून द्यायला लावू नका. हल्ली चॅटजीपीटीला सांगितलं की एका मिनिटात पत्र तयार मिळतं, तेही छान छान शब्दांचं. शुद्धलेखन बघायला वापरा, माझी हरकत नाही. पण मजकूर त्याच्याकडून घेतला की आवणीचा प्रश्न त्यात येणार नाही, कारण तो त्या खोलीत नव्हता. समितीच्या टेबलावर एकसारखी दहा पत्रं आली की काय होत असेल, विचार करा. पालकांनाही तेच सांगणं: तुम्ही लिहू नका. अक्षर वाकडं असलं तरी चालेल, पण मुलाचं असू द्या.

आता थोडं अवघड बोलते. आपल्या लोकांचा जीव मोठा. मुलीची मुलाखत चांगली झाली म्हणून बाप दुसऱ्या दिवशी इंद्रायणी तांदळाची पिशवी नाहीतर टोमॅटोचं क्रेट घेऊन पुण्याला निघतो. त्याच्या मनात लाचेचा विचारही नसतो, घरी आलेल्या पाहुण्याला जसं देतो तसंच ते. पण निवड व्हायची आहे तोवर ती पिशवी समोरच्याच्या दृष्टीनं वेगळीच होते आणि त्या मुलीचं नाव नको त्या कारणानं लक्षात राहतं. तेच पुढाऱ्याच्या फोनचं आणि शिफारसपत्राचं. पालकहो, कृपा करून हे टाळा. प्रवेश झाल्यावर कधी दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरीबरोबर वसतिगृहातल्या सगळ्यांसाठी म्हणून काही पाठवलंत तर त्यात कुणाला वावगं वाटणार नाही.

आणि काही ठिकाणी तर पत्रच लिहायचं नाही. सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, १९७७ पासून. मुलींसाठी आता नाशिकला आहे. तिथं लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. पुढे एनडीएची मुलाखत, लोकसेवा आयोगाच्या मुलाखती, सरकारी भरती. अशा सरकारी निवडींत समितीशी बाहेरून संपर्क करणं हे दबाव आणणं समजलं जाऊ शकतं आणि भरतीच्या जाहिरातींत तर अशा प्रयत्नाला उमेदवारी रद्द करण्याची अट असते. मुलाचा हेतू शुद्ध असला तरी तिथं पत्र नको. खोलीतून उठताना ताठ उभं राहून नमस्कार आणि "धन्यवाद, येतो सर", तेवढंच. दुसऱ्या कुठल्याही संस्थेच्या माहितीपत्रकात 'समितीशी संपर्क साधू नये' असं असेल तर तिथंही हाच नियम. (आणि हो, समितीच्या पाया पडायची गरज नाही. टेबलाच्या पलीकडं जाऊन चार जणांच्या पाया पडणारी मुलं असतात. घरचे संस्कार चांगले आहेत, पण समोरचे संकोचतात.)

हे सगळं बारावीत एका दिवसात शिकवून होत नाही. माझ्या तिसरी-चौथीच्या वर्गात मी त्याची सुरुवात पोस्टकार्डापासून करते. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं, म्हणजे अख्खा वर्ग पंधरा रुपयांत लिहितो. कुणाला लिहायचं हे मुलं ठरवतात: एसटीचे ड्रायव्हर काका, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, पोस्टमन. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला जीएमआरटीच्या दुर्बिणी बघायला मुलं जातात, तिथून आल्यावर ज्यांनी समजावून सांगितलं त्यांना पत्र. नियम एकच. पत्रात एक वाक्य असं पाहिजे की जे वर्गातल्या दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. पहिल्यांदा सगळी मुलं 'तुम्ही खूप छान काम करता' लिहितात. मग मी विचारते, कोणतं काम? कधी पाहिलंस? तुला काय वाटलं? हळूहळू 'तुम्ही मला खिचडीत शेंगदाणे शोधून वाढले' असलं वाक्य येतं आणि मावशी ते कार्ड डब्यांच्या फळीला लावून ठेवतात. ज्या मुलाला हे वाक्य चौथीत सापडलं त्याला बारावीत आवणीचं वाक्य शोधायला त्रास होणार नाही, असा माझा अंदाज आहे.

राहिलं निकालानंतरचं पत्र. निवड झाली तर दोन ओळी कळवाव्यात: 'निवड झाल्याचे कळले, आभार, अमुक तारखेला कागदपत्रांसह हजर होते.' प्रतीक्षा यादीत नाव असेल तर कार्यालयाला एकदाच विचारावं की पुढची यादी कधी, आणि जागा मिळाल्यास आपण येणार आहोत एवढं सांगावं. रोज फोन करू नये. दुसरीकडं प्रवेश घेतला असेल तर तेही लगेच कळवायचं, कारण तुमची अडवलेली जागा दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला मिळते.

निवड झाली नाही तर? तेव्हा पत्र लिहायला मुलं तयार होत नाहीत आणि जबरदस्ती करू नये. चार-आठ दिवस जाऊ द्या. मग वाटलं तर एवढंच: 'या वर्षी माझी निवड झाली नाही हे कळले. मुलाखतीसाठी दिलेल्या वेळेबद्दल आभार. पुढील वर्षी पुन्हा अर्ज करता येईल का, ते कृपया कळवावे.' हा प्रश्न खरा आहे, त्याचं उत्तर उपयोगी पडतं, कारण काही वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या दुसऱ्या वर्षीही अर्ज घेतात. उत्तर आलं तर ते पत्र आणि मुलाखतीचं बोलावणं एकाच फाईलमध्ये ठेवायला सांगा. पुढच्या जूनमध्ये फॉर्म भरताना पहिल्यांदा तीच फाईल उघडावी लागते.